थॅडियस स्टीव्हन्स : चौदाव्या घटनादुरुस्तीसाठी झटलेला वकील आणि न मिळालेली चाळीस एकर

काळा_कोट

लिंकन आपल्याकडे शाळेपासून ओळखीचा. पण त्याच्याच पक्षातला, त्याच्याहून सतरा वर्षांनी मोठा आणि गुलामगिरीच्या प्रश्नावर कायम त्याच्या चार पावलं पुढे असलेला थॅडियस स्टीव्हन्स मराठीत जवळजवळ भेटतच नाही. गेले काही महिने त्याच्याबद्दल मिळेल ते वाचते आहे. वकिलीत रोज कायद्याची कलमं हाताळताना ती कलमं कुणी, कशाच्या जोरावर आणि काय सोडून देऊन मंजूर करून घेतली, हे आपण विसरतो. या माणसाच्या बाबतीत ते विसरू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

जन्म ४ एप्रिल १७९२, व्हरमाँट राज्यातल्या डॅनव्हिल गावी. एक पाऊल जन्मापासून वाकडं, थोरल्या भावाची तर दोन्ही. बाप जोडे शिवायचा, दारू प्यायचा, आणि एक दिवस घर सोडून गेला. चार मुलगे आईच्या, साराच्या, गळ्यात. तिने पीचम गावी बिऱ्हाड हलवलं, कारण तिथे शाळा होती. थॅडियस डार्टमथ कॉलेजातून १८१४ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला आणि पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कला मास्तरकी करत कायदा शिकू लागला. तिथल्या वकिलांनी नियम काढला, की दुसरा धंदा करत कायदा शिकलेल्याला सनद द्यायची नाही. मग तो राज्याची हद्द ओलांडून मेरीलँडमधल्या बेल एअरला गेला, तिथे परीक्षा दिली आणि १८१६ साली गेटिसबर्गला वकिली थाटली. पुढे गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांत जे यादवी युद्ध झालं, त्यातली मोठी लढाई जिथे झाली तेच हे गाव. तेव्हा अगदी लहान होतं.

आता त्याच्या चाहत्यांना अवघड जाणारी गोष्ट. १८२१ साली चॅरिटी बटलर नावाच्या गुलाम बाईचा दावा पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्या राज्याच्या कायद्याने, मालकाने गुलामाला सहा महिने राज्यात ठेवलं तर तो गुलाम मुक्त. चॅरिटीचं म्हणणं असं, की मालकीण मला अनेकदा पेनसिल्व्हेनियात घेऊन आली आणि ते सगळे मुक्काम मिळून सहा महिन्यांच्या वर जातात. मालकाच्या बाजूचा वकील होता स्टीव्हन्स. मुक्काम सलग हवा, तुकड्यातुकड्यांची बेरीज चालणार नाही, हा मुद्दा कोर्टाने मान्य केला. चॅरिटी आणि तिची मुलं परत गुलामगिरीत गेली.

यानंतर त्याने गुलाममालकांसाठी असा खटला लढवल्याचं माझ्या वाचनात नाही. दोनच वर्षांनी, १८२३ च्या ४ जुलैला, त्याने जाहीर मेजवानीत पुढच्या राष्ट्राध्यक्षाच्या नावाने पेला उंचावला : ज्याने कधी माणसाच्या पायात बेड्या ठोकल्या नाहीत असा माणूस त्या जागी यावा. त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्याने कुठे लिहून ठेवलेलं नाही, आणि मी ते रचणार नाही. पण पुढच्या चार दशकांत तो ज्या बाजूला उभा राहिला ती कधी बदलली नाही.

१८३३ मध्ये तो राज्याच्या विधानसभेत गेला. १८३४ चा मोफत शाळांचा कायदा रद्द करायला निघालेल्या विधानसभेला त्याने ११ एप्रिल १८३५ च्या भाषणाने मागे फिरवलं. १८३७-३८ च्या राज्यघटना परिषदेत मताचा हक्क फक्त गोऱ्या पुरुषांना द्यायचं ठरलं, तेव्हा त्या दस्तऐवजावर सही करायला त्याने साफ नकार दिला. १८४२ साली लोखंडाच्या भट्टीपायी डोक्यावर झालेलं प्रचंड कर्ज फेडायला तो लँकेस्टर शहरात आला, कारण तिथे वकिलीत पैसा जास्त होता. १८४८ साली तेव्हाच्या व्हिग पक्षाकडून संसदेच्या प्रतिनिधीगृहावर निवडून गेला. पळून आलेल्या गुलामांना पकडून देण्याची सक्ती करणाऱ्या १८५० च्या कायद्याविरुद्ध तो तिथे कडाडून बोलला.

तो कायदा त्याच्याच जिल्ह्यात रक्त सांडून गेला. ११ सप्टेंबर १८५१ ला पहाटे क्रिस्तियाना गावाजवळ विल्यम पार्कर या काळ्या शेतकऱ्याच्या घराला मेरीलँडचा मालक एडवर्ड गॉर्सच याने वेढा घातला. बरोबर सरकारी माणूस, हातात वॉरंट. पार्कर स्वतः गुलामगिरीतून पळून आलेला. आसपासचे काळे शेजारी हत्यारं घेऊन धावले, झटापट झाली, गॉर्सच मारला गेला. पार्कर कॅनडाला निसटला. सरकारने तीसहून जास्त लोकांवर चक्क देशद्रोहाचा आरोप ठेवला. पहिला आरोपी कॅस्टनर हॅनवे, एक गोरा गिरणीवाला. त्याचा गुन्हा एवढाच, की घोड्यावरून तिथे पोचल्यावर त्याने सरकारी माणसाला मदत करायला नकार दिला. खटला चालला फिलाडेल्फियात, ज्या इमारतीत अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला तिच्याच वरच्या मजल्यावर. स्टीव्हन्स बचावाच्या वकिलांत होता. पंधरा मिनिटांत ज्युरीने हॅनवेला निर्दोष ठरवलं आणि बाकीच्यांवरचे देशद्रोहाचे खटलेही मग बारगळले.

१८५३ ते १८५९ तो संसदेबाहेर होता. १८५८ मध्ये नव्या रिपब्लिकन पक्षाकडून परत निवडून आला आणि मरेपर्यंत राहिला. यादवी युद्धाच्या काळात अर्थविषयक समितीचा अध्यक्ष म्हणून लढाईचा पैसा उभा करणं त्याच्याकडे होतं. सोन्याचा आधार नसलेल्या नोटा, आयकर, कर्जरोखे, सगळं त्याच्या समितीतून गेलं. त्यावर वेगळं लिहिता येईल. मला घाई आहे ती युद्धानंतरच्या तीन वर्षांकडे जायची.

युद्ध संपलं एप्रिल १८६५ मध्ये. लिंकनचा खून झाला. त्याच्या जागी आलेला अँड्र्यू जॉन्सन दक्षिणेतल्या बंडखोरांना भराभर माफी देत सुटला. मिसिसिपी आणि दक्षिण कॅरोलिनाने नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्यांसाठी खास कायदे केले : वर्षभराचा मजुरीचा करार दाखवा, नाहीतर भटके म्हणून पकडून दंड, आणि दंड भरता आला नाही तर जो भरेल त्याच्याकडे राबा. डिसेंबर १८६५ मध्ये ही राज्यं काही झालंच नाही अशा थाटात आपले प्रतिनिधी घेऊन वॉशिंग्टनला हजर झाली.

इथे स्टीव्हन्सची वकिली पाहा. गृहाचा कारकून एडवर्ड मॅकफर्सन, गेटिसबर्गचाच, स्टीव्हन्सच्या हाताखाली तयार झालेला. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी हजेरी तो घेणार. त्याने दक्षिणेतल्या प्रतिनिधींची नावंच पुकारली नाहीत. टेनेसीचा होरेस मेनार्ड बोलायला उठला, त्यालाही बोलू दिलं नाही, कारण ज्याचं नाव हजेरीत नाही तो सभासदच नाही. त्याच दिवशी पंधरा जणांची संयुक्त समिती नेमायचा ठराव स्टीव्हन्सने मांडला. या समितीतून चौदावी घटनादुरुस्ती आली, कायद्याचं समान संरक्षण देणारी.

ती दुरुस्ती त्याला हवी तशी नव्हती. काळ्या पुरुषांना मताचा थेट हक्क त्यात नव्हता. १३ जून १८६६ ला, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तो उठला आणि म्हणाला, की तारुण्यात, उमेदीत आणि म्हातारपणी मी एक स्वप्न पाहिलं होतं, की कधीतरी संधी आली तर आपण आपल्या सगळ्या संस्था माणसामाणसांतल्या अन्यायापासून मुक्त करू. ते स्वप्न विरलं आहे. मग असा अपुरा प्रस्ताव मी का स्वीकारतो? तर मी देवदूतांत राहत नाही, माणसांत राहतो.

१२० विरुद्ध ३२ मतांनी दुरुस्ती मंजूर झाली.

पण एक गोष्ट त्याला शेवटपर्यंत मिळाली नाही. मुक्त झालेल्यांना जमीन. ६ सप्टेंबर १८६५ ला लँकेस्टरच्या भाषणात त्याने हिशेब मांडला होता : दक्षिणेतल्या सुमारे ७०,००० बड्या बंडखोर जमीनदारांची ३९ कोटी ४० लाख एकर जमीन सरकारने ताब्यात घ्यावी, प्रत्येक प्रौढ मुक्त माणसाला ४० एकर द्यावी, उरलेली विकून युद्धाचं कर्ज आणि सैनिकांची पेन्शनं भागवावी. कायदा आणि जमीन या दोन्ही गोष्टी एकत्र द्यायला हव्यात हे त्याच्याइतकं ठामपणे तिथे कुणी सांगत नव्हतं. माझं मत असं, की तो मुद्दा हरला तिथेच पुढची शंभर वर्षं ठरली. तुम्हाला काय वाटतं?

शाळामास्तर

काळा_कोट ताई, शाळांचा भाग तुम्ही दोन ओळींत संपवलात, म्हणून मी थोडी भर घालतो.

पेनसिल्व्हेनियात आधी १८०९ चा कायदा होता. गरिबाच्या मुलाला फुकट शिकता यायचं, पण त्यासाठी बापाने सरकारी यादीत आपण कंगाल आहोत असं नाव लिहून द्यायचं. गावात सगळ्यांना कळणार. हजारो आईबापांनी लाजेपोटी नाव दिलं नाही आणि पोरं घरी राहिली. १८३४ च्या कायद्याने ही यादीच काढून टाकली, शाळा सगळ्यांना खुली केली आणि खर्चासाठी कर बसवला. कर म्हटल्यावर खेड्यापाड्यांतून विरोधाचे अर्ज आले. राज्याच्या सिनेटने तर कायदा रद्द करून कंगालांची जुनी पद्धत परत आणायला मंजुरीही दिली होती.

स्टीव्हन्स म्हणाला, या विधेयकाला खरं नाव द्या : गरिबांवर डाग देऊन खूण करण्याचा कायदा, म्हणजे श्रीमंतांतून ते वेगळे ओळखू येतील. दारुड्या बापाचा, आईने कष्टाने शिकवलेला मुलगा हे बोलत होता. त्या सभागृहात त्या यादीचा अर्थ त्याच्याइतका कुणाला कळला असेल? प्रतिनिधीगृहाने रद्द करायला नकार दिला आणि पुढे सिनेटलाही माघार घ्यावी लागली.

मला जोतीरावांची १८८२ ची हंटर आयोगापुढची साक्ष आठवली. रयतेच्या घामातून सारा गोळा होतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी तिथे सडेतोड सांगितलं. जागा वेगळी, काळ वेगळा, पण शाळेचा पैसा कुणाचा आणि शाळा कुणाची हा वाद तोच.

माळरान

उत्तम लेख. जोतीरावांचा विषय निघालाच आहे तर खरा दुवा सांगतो. १८७३ सालचं 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलेलं आहे, काळ्या लोकांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी निरपेक्षपणे केलेल्या त्यागाबद्दल आदर म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा या इच्छेने. स्टीव्हन्स गेला ११ ऑगस्ट १८६८ ला. पाच वर्षांचं अंतर. पुण्यात बसून जोतीराव ज्या लोकांना दाद देत होते त्यांत हा माणूस अगदी पुढच्या रांगेत बसतो, नाव घेतलेलं नसलं तरी.

जिज्ञासू_नाशिक

लेख आवडला, पण एक शंका. स्टीव्हन्स सूडाने पेटलेला होता असं मी वाचलंय. गेटिसबर्गच्या लढाईआधी दक्षिणेच्या सैन्याने त्याची लोखंडाची भट्टी जाळली, आणि त्याचा राग त्याने संपूर्ण दक्षिणेवर काढला. जमीन जप्तीची योजनाही त्यातूनच आली नाही का?

काळा_कोट

जिज्ञासू, प्रश्न रास्त आहे, कारण पन्नास-साठ वर्षं अमेरिकेतल्या पाठ्यपुस्तकांत हेच शिकवलं गेलं. १९१५ च्या एका अतिशय गाजलेल्या मूकपटातला खलनायकी पुढारीही त्याच्यावरच बेतलेला होता. तो मूकपट काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लान या टोळीला तारणहार म्हणून दाखवतो, यावरून त्या प्रतिमेची किंमत लक्षात येईल.

भट्टी जळाली हे खरं. २६ जून १८६३, जनरल जुबल अर्लीच्या हुकमाने कॅलिडोनियाची भट्टी आणि गिरण्या पेटवून दिल्या. त्यानंतरच्या पत्रात स्टीव्हन्स लिहितो, की या युद्धात सगळ्यांनाच सोसावं लागणार, आणि तिथल्या ज्या गरीब मजुरांचा रोजगार गेला त्यांना उपाशी राहावं लागू नये याची सोय मी करीन. आणि काळ्यांच्या मताच्या हक्कावरून त्याने राज्यघटनेवर सही नाकारली ती १८३८ साली, भट्टी जळायच्या पंचवीस वर्षं आधी. सूड हे कारण असेल तर ते इतकं आधी कुठून आलं?

शिवाय फाशीच्या शिक्षेला त्याचा विरोध होता. बंडखोरांना फासावर चढवा म्हणणारे उत्तरेत पुष्कळ होते, तो त्यांच्यातला नव्हता. त्याला त्यांचे जीव नको होते, त्यांच्या जमिनी हव्या होत्या.

पेनवासी

मी लँकेस्टरपासून तासाभरावर राहते, तिथे जाऊन आलेय, म्हणून सांगते.

वेस्ट चेस्टनट आणि नॉर्थ मलबरी या रस्त्यांच्या कोपऱ्यावर एक छोटी दफनभूमी आहे. शहरातल्या मोठ्या, नामांकित दफनभूम्या सोडून स्टीव्हन्सने ही निवडली, कारण बाकीच्यांच्या नियमांत काळ्यांना जागा नव्हती. थडग्यावरचा मजकूर त्याने स्वतः लिहून ठेवला होता. त्याचा आशय असा : "मी या शांत, एकाकी जागी विसावलो आहे तो एकांताची आवड म्हणून नव्हे. इतर दफनभूम्यांच्या नियमांत वंशाची अट आहे असं आढळल्याने मी ही जागा निवडली, म्हणजे दीर्घ आयुष्यभर ज्या तत्त्वांचा मी पुरस्कार केला ती मरणातूनही दाखवून देता येतील : निर्मात्यापुढे सर्व माणसं समान." उभ्याने वाचावं लागतं, अक्षरं पावसापाण्याने झिजलेली आहेत. आसपास साधी घरं, रहदारी. कसलाही दिमाख नाही.

त्याचं घर साउथ क्वीन स्ट्रीटवर होतं. तिथे मोठं अधिवेशन केंद्र बांधायच्या वेळी, २००० नंतर, पुरातत्त्वज्ञांनी आवारात खणलं, तेव्हा पाण्याचं जुनं टाकं सापडलं. टाक्यातून शेजारच्या इमारतीकडे जाणारी वाट होती. पळून आलेल्या लोकांना तिथे लपवत असावेत असा त्या अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. म्हणजे संसदेत त्या कायद्याविरुद्ध बोलणारा खासदार आपल्याच अंगणात तो मोडत असणार.

आणि त्या घराची गोष्ट लिडिया हॅमिल्टन स्मिथशिवाय सांगू नये. मिश्र वंशाची, दोन मुलांना घेऊन आलेली, त्याचा संसार वीस वर्षं तिने चालवला. लोक काय काय बोलत. स्टीव्हन्सने त्यावर कधी खुलासा केला नाही, आणि तिला चारचौघांत मान देण्यात कधी कमी केली नाही. त्याच्या मृत्युपत्रात तिच्यासाठी वर्षाला ५०० डॉलर किंवा एकरकमी ५,००० डॉलर अशी तरतूद होती. त्या पैशात भर घालून तिने त्याचं घर विकत घेतलं. त्याच्या हयातीतच ती स्वतःच्या नावावर मालमत्ता करणारी, धंद्याची जाण असलेली बाई होती. नुसतं "घरकाम पाहणारी" म्हणणं तिच्यावर अन्याय आहे.

अबोली

पेनवासी, लिडियाबद्दल लिहिलंत ते फार बरं झालं.

मला मात्र चौदाव्या दुरुस्तीबद्दल तक्रार नोंदवायची आहे. तिच्या दुसऱ्या कलमात अमेरिकेच्या राज्यघटनेत पहिल्यांदाच मतदार "पुरुष" म्हणून आला. एलिझाबेथ केडी स्टँटन आणि सुझन अँथनी या दोघींनी गुलामगिरीविरुद्ध सह्यांच्या मोहिमा राबवल्या होत्या, लाखो सह्या गोळा केल्या होत्या. त्यांना सांगितलं गेलं, की ही वेळ काळ्या पुरुषांची आहे, तुम्ही थांबा. थांबल्या त्या १९२० पर्यंत, म्हणजे दोघीही हयात नव्हत्या तोवर. "मी माणसांत राहतो" हे वाक्य ऐकायला छान आहे, पण तडजोडीची किंमत तिथे नसलेल्यांनी मोजली.

काळा_कोट

अबोली, यावर माझ्याकडे बचाव नाही, आणि करायचाही नाही. ते कलम तसं का आलं एवढं सांगते.

मूळ राज्यघटनेत जागा ठरवताना गुलामांची संख्या तीनपंचमांश धरायची. गुलामगिरी संपल्यावर तीच माणसं पूर्ण मोजली जाणार. म्हणजे युद्ध हरलेल्या दक्षिणेच्या संसदेतल्या जागा उलट वाढणार, आणि ज्यांच्या नावावर वाढणार त्या काळ्यांना मत नाहीच! स्टीव्हन्सला हे धडधडीत दिसत होतं. थेट मताधिकाराला उत्तरेतलीही पुष्कळ राज्यं तयार नव्हती, कित्येक उत्तरी राज्यांत काळ्यांना मत नव्हतंच. म्हणून मधला मार्ग निघाला : ज्या राज्यात पुरुषांना मत नाकारलं जाईल त्याच्या जागा त्या प्रमाणात कमी. आणि तुमचा मुद्दा आणखी टोचतो तो यामुळे, की हे कलम पुढे कधी वापरलंच गेलं नाही. दक्षिणेने काळ्यांची मतं साक्षरतेच्या चाचण्या आणि कर लावून काढून घेतली, तरी एका राज्याचीही एक जागा त्यामुळे कमी झाली नाही.

वऱ्हाडी_कापूस

यादवी युद्धाचा आपल्याशी संबंध म्हणजे कापूस. दक्षिणेची नाकेबंदी झाली, मँचेस्टरच्या गिरण्या अडल्या आणि मुंबईच्या कापसाचा भाव आकाशाला भिडला. युद्ध संपताच १८६५ मध्ये मुंबईत दिवाळं निघालं, बँका बुडाल्या. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला तेजीच्या काळात पैसा दिसला आणि नंतर सावकार दिसला. अवांतर झालं, पण जमीन आणि कापसाचा विषय आहे म्हणून लिहिलं.

चाळीस एकरांबद्दल : युद्ध चालू असताना जमीन प्रत्यक्षात दिली गेली होती ना? मग ती कुठे गेली?

माळरान

वऱ्हाडी, अवांतर नाही. तिथल्या काळ्या कुटुंबांचंही पुढे कापूस आणि सावकार असंच झालं. त्यावर येतो.

हो, दिली होती. उत्तरेच्या जनरल शर्मनने १६ जानेवारी १८६५ ला हुकूम काढला. दक्षिण कॅरोलिनापासून फ्लोरिडापर्यंतची किनारपट्टी आणि बेटं मुक्त झालेल्या कुटुंबांसाठी राखीव, कुटुंबाला ४० एकरांपर्यंत. जूनपर्यंत सुमारे ४०,००० लोक ४ लाख एकरांवर वसले, पेरण्याही झाल्या. जॉन्सनने मालकांना माफ केलं की जमीन परत असा हुकूम काढला आणि ते सांगायचं काम जनरल हॉवर्डच्या अंगावर आलं. हॉवर्ड भला माणूस, मुक्त झालेल्यांसाठीच्या सरकारी खात्याचा प्रमुख, युद्धात उजवा हात गमावलेला.

ऑक्टोबर १८६५ मध्ये एडिस्टो बेटावरच्या चर्चमध्ये त्याने लोकांना जमवलं आणि मालकांना क्षमा करा, त्यांच्याकडे मजुरीचे करार करा, असं सांगितलं. लोकांच्या समितीने त्याला दिलेल्या पत्राचा आशय असा : तुम्ही आम्हाला जमीनमालकांना क्षमा करायला सांगता. तुमचा लढाईत फक्त उजवा हात गेला, तुम्ही कराल क्षमा. पण ज्याने मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, ज्याने माझ्या आईला आणि बहिणीला उघडं करून चाबकाने फोडलं, आणि मी त्याचीच जमीन कसून त्याच्या अटी मानल्या तरच मला रिकाम्या झोपडीत राहू देतो, त्याला मी सहजासहजी क्षमा करू शकत नाही.

ते पत्र वाचल्यावर स्टीव्हन्सचा आकडेमोडीचा हिशेब कशासाठी होता ते कळतं.

जिज्ञासू_नाशिक

सूडाचं उत्तर पटलं. पण कायद्याच्या दृष्टीने? अमेरिकेच्या राज्यघटनेत देशद्रोह्याची मालमत्ता त्याच्या वारसांकडून कायमची काढून घ्यायला मनाई आहे असं वाचलंय. स्टीव्हन्स वकील असून हे कसं डावलत होता?

काळा_कोट

तेच तर त्याच्या योजनेचं मर्म आहे. लिंकनलाही हीच अडचण होती. १८६२ च्या जप्तीच्या कायद्यावर सही करताना त्याने जप्ती मालकाच्या हयातीपुरतीच राहील असा ठराव संसदेकडून करून घेतला. हयातीपुरती जप्त जमीन गरिबाला देऊन उपयोग काय? मालक मेला की त्याचा मुलगा दारात उभा.

स्टीव्हन्सने सगळा पायाच बदलला. तो म्हणायचा, ही राज्यं आमच्यातून फुटली, वेगळं सरकार थाटून चार वर्षं लढली, हरली. म्हणजे हा जिंकलेला मुलूख आहे. इथे देशद्रोहाचं कलम लागत नाही, युद्धाचा कायदा लागतो, आणि युद्धाच्या कायद्याने विजेता जमीन घेऊ शकतो. लिंकनची भूमिका उलट होती : राज्यं कधी फुटलीच नाहीत, फक्त काही माणसांनी बंड केलं. स्टीव्हन्सचा मुद्दा बहुतेकांना पचला नाही. पण मार्च १८६७ मध्ये दहा राज्यांचे पाच लष्करी विभाग करून काळ्या पुरुषांना मत देऊन नव्या घटना लिहायला लावल्या, तेव्हा संसद त्याच्या विचाराच्या बरीच जवळ आली होती. जमिनीच्या बाबतीत मात्र नाही. १८६६ च्या फेब्रुवारीत त्याची जमिनीची उपसूचना १२६ विरुद्ध ३७ मतांनी पडली. विरोधात त्याच्याच पक्षाची मतं होती. मार्च १८६७ मध्ये त्याने पुन्हा विधेयक आणलं. पंचाहत्तरी गाठत आलेली, तब्येत खालावलेली, तरी भाषण लिहून आणलं. तेही पुढे सरकलं नाही.

मालमत्तेच्या हक्काला हात लावायला उत्तरेतले भांडवलदार घाबरत होते. आज दक्षिणेतल्या मळेवाल्याची जमीन वाटली, तर उद्या उत्तरेतला मजूर गिरणीत वाटा मागेल. आणि त्याच सरकारने १८६२ पासून पश्चिमेत घरटी १६० एकर फुकट द्यायला सुरुवात केली होती, रेल्वे कंपन्यांना तर कोट्यवधी एकर दिले. जमीन वाटायला सरकारची ना नव्हती. कुणाला वाटायची यावर होती.

माळरान

पर्याय म्हणून १८६६ साली दक्षिणेतल्या पाच राज्यांतली सरकारी जमीन खुली केली होती. बरीचशी दलदल आणि झाडोऱ्याची, कसायला बैल नाहीत, अवजारं नाहीत. दहा वर्षांत तो कायदाही गुंडाळला.

मग उरली बटई. बियाणं, खत, धान्य मालकाच्या नाहीतर दुकानदाराच्या वहीवर उधार, पीक निघाल्यावर हिशेब, आणि हिशेबात दर वर्षी बाकी. वही लिहिणारा तोच, वाचता न येणारा कसणारा. वऱ्हाडी, तुम्ही म्हणालात तो सावकार हाच.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियात शिकले. परतल्यावर १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करायचं विधेयक त्यांनी आणलं. त्यांच्यानंतर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. स्टीव्हन्सचा त्यांच्यावर प्रभाव होता असं मी म्हणत नाही. प्रश्न दोन्हीकडे सारखा होता एवढंच. आपल्या घटनेच्या कलम १४ मधलं "कायद्याचं समान संरक्षण" मात्र थेट अमेरिकेच्या चौदाव्या दुरुस्तीतून आलेलं आहे, तो दुवा पक्का.

शाळामास्तर

महाभियोगाबद्दल कुणीच लिहिलं नाही. जॉन्सनवरचा महाभियोग २४ फेब्रुवारी १८६८ ला १२६ विरुद्ध ४७ मतांनी मंजूर झाला, त्यामागे स्टीव्हन्सच होता. तोवर त्याला खुर्चीत बसवून उचलून सभागृहात आणावं लागायचं. सिनेटमध्ये एका मताने जॉन्सन वाचला. तीन महिन्यांत स्टीव्हन्स गेला. कॅपिटॉलच्या घुमटाखाली त्याचं शव ठेवलं, पहाऱ्याला काळे सैनिक होते. आणि लँकेस्टरच्या रिपब्लिकनांनी येत्या निवडणुकीची उमेदवारी मेलेल्या स्टीव्हन्सलाच दिली, त्याच्या आदराखातर.

मृत्युपत्रात अनाथ मुलांच्या संस्थेसाठी पैसे ठेवले, अट एकच : वंश, रंग पाहायचा नाही. त्यातून लँकेस्टरला उभं राहिलेलं तंत्रशिक्षणाचं कॉलेज आजही त्याच्या नावाने चालू आहे.

अबोली

काळा_कोट, पहिल्या कलमाचा मसुदा स्टीव्हन्सचा होता का? "समान संरक्षण" कुणाच्या हातचं?

काळा_कोट

नाही, पहिलं कलम मुख्यतः जॉन बिंगहॅमचं. तोही वकील, ओहायोचा, त्याच पंधरा जणांच्या समितीत. स्वभावाने स्टीव्हन्सच्या अगदी उलट, जमीन जप्तीला तयार नसलेला, आणि दोघांचे समितीत खटके उडायचे. ते कलम त्या वादावादीतून कसं घडलं हा स्वतंत्र विषय आहे. बिंगहॅमवर वेगळा धागा काढते. अबोली, स्टँटन आणि अँथनींच्या सह्यांच्या मोहिमेवर तुम्ही लिहा, मी वाट पाहते.